कसा पायजे ते बोल की!

शालाक्का त्या फोटोंत कुठेच दिसत नाहीत. पण नंदूच्या स्टुडिओत गेल्या काही वर्षांत काढलेले फोटो एकत्र ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. बऱ्याच जणांची नजर कॅमेऱ्यात नाही, कॅमेऱ्याच्या किंचित उजवीकडे आहे. तिथे एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीत शालाक्का बसायच्या.

त्यांचं नाव शालन. ‘आक्का’ गल्लीनं जोडलं आणि दोन्ही मिळून शालाक्का झालं. नोकरीभर त्या एसटीत कंडक्टर होत्या. पन्हाळ्याकडच्या गाड्या केल्या, शाहूवाडीकडच्या जास्त केल्या. निवृत्त झाल्यावर बस सुटली, आवाज राहिला. स्टुडिओच्या वरच त्यांचं घर होतं. दुपारचं जेवण झालं की त्या जिना उतरून खाली येत आणि लाल खुर्चीत बसत. कारण विचारलं तर म्हणत, “वर पंखा हाय, पर माणसं न्हाईत. हितं दोन्ही हायत.”

नंदू कामाला चोख होता. त्याचा फोकस चुकत नसे, उजेड चुकत नसे. फक्त त्याच्याकडे पोझ ठरलेल्या होत्या. मुलगी असेल तर गालावर एक बोट. तरुण असेल तर हाताची घडी. म्हातारं माणूस असेल तर गुडघ्यांवर दोन्ही हात, आणि चेहरा असा की पाहणाऱ्यानं काही विचारू नये. पासपोर्टच्या फोटोसाठी खुंटीला एक काळा कोट टांगलेला असे. तो सगळ्यांना व्हायचा, कारण पाठीमागून त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असायचे. लोक आत येत, नंदू सांगेल तसं बसत, सांगेल तशी मान वळवत, पैसे देत आणि घरी जाऊन फोटो बघत म्हणत, “मी असा दिसतो व्हय?”

शालाक्कांचं भांडण या शेवटच्या वाक्याशी होतं.

त्याचं मूळ त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसांत होतं. ती हकिकत त्या कुणालाही सांगत, आणि दर वेळी तितक्याच उत्साहानं.

“नवीन लागले तवा कार्डासाठी एक फोटोवाला आलता. आमी सगळ्या वळीनं हुभ्या. माझी पाळी आली आन् मला शिंक याय लागली. म्हटलं सांगावं, दादा, जरा दम धरा. पर नोकरी नवी, खाकी नवी, आन् त्यो सायबावानी बोलाय लागल्याला. गप बसले. त्येनं दाबलं. आन् तोंड असं आलं बघा.”

मग त्या तोंड करून दाखवत. डोळे अर्धे मिटलेले, नाक वर चढलेलं, वरचा ओठ एका बाजूला. ऐकणारा हसून घेईपर्यंत ते तोंड तसंच ठेवायच्या.

“नोकरीभर ते कार्ड गळ्यात. चेकर चढला का आदी कार्ड बगायचा, मग मला बगायचा, मग म्हणायचा, ‘बाई, शिंक आली का न्हाय शेवटी?’”

“आली होती का?” हा प्रश्न ऐकणाऱ्यानं विचारायचाच असे.

“कुठली? फोटो निघाला आन् शिंक गेली! तोंड तेवढं ऱ्हायलं.”

या एका न आलेल्या शिंकेचा वचपा त्यांनी नंदूच्या स्टुडिओत काढला असं म्हणता येईल. त्यांनी तिथे एक नियम आणला. एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी दिली की गाडी थांबते, दोनदा दिली की निघते. दोनदा म्हणजे ‘डबल’. स्टुडिओतला नियम असा, की समोर बसलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं ‘डबल’ म्हटल्याशिवाय नंदूनं बटण दाबायचं नाही.

नंदूनं सुरुवातीला विरोध केला. “आक्का, माझं दुकान हाय हे. तुमची गाडी न्हवं.”

“मग पॅसेंजर चढायच्या आदी का हलवतोस लेका?”

काही दिवसांनी नंदूच्या लक्षात आलं, की ‘पुन्हा काढून द्या’ म्हणत परत येणारी माणसं कमी झाली आहेत. त्यानंतर तो गिऱ्हाईकाला बसवतानाच सांगू लागला, “तुमाला पसंत पडलं का डबल म्हणा.” कॉलेजची मुलं हसत. वयस्कर माणसं मात्र हा नियम लगेच समजत. त्यांनी एसटीत बराच काळ उभ्यानं काढलेला असे.

एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण आवाजामुळे लोकांचा उलटा समज व्हायचा. शालाक्का कुणाच्या वतीनं काही सांगत नसत. साडी ही नेस, केस असे बांध, हे त्यांनी कधी म्हटलं नाही. त्या फक्त विचारत. “कसा पायजे?” समोरचा म्हणे, “तुमी सांगाल तसा.” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “तोंड माझं हाय व्हय? कसा पायजे ते बोल की! आत्ता नंद्याला न्हाय सांगिटलंस, तर घरात जाऊन भिंतीला सांगणार?”

मी पेपरात बातमीदार आहे; माझ्या ओळखपत्राच्या फोटोच्या वेळी नंदूनं खुंटीवरचा काळा कोट काढला. मी हात पुढे केला. लाल खुर्चीतून प्रश्न आला, “बातमीदार, लगीन हाय का कुणाचं?” मी नाही म्हणालो. “मग रोज कोट घालून बातम्या लिवता व्हय?” त्यालाही मी नाही म्हणालो. कोट खुंटीला परत गेला. त्या फोटोत मी रोजच्या शर्टात आहे आणि कॅमेऱ्याच्या किंचित उजवीकडे पाहतो आहे.

सुप्रियाची गोष्ट याहून मोठी. सुप्रिया मागच्या गल्लीतली, बँकेत नोकरीला. स्थळांना पाठवायला फोटो हवा म्हणून आई तिला घेऊन आली होती. नंदूनं तिला बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि म्हणाला, “चष्मा काढा. काचंवर लाईट मारतोय.”

सुप्रियानं चष्मा काढून आईच्या हातात दिला. त्याबरोबर तिचा चेहराच बदलला. समोर काय आहे याचा अंदाज घेणाऱ्या माणसासारखी ती भुवया ताणून बसली.

“काय गं,” शालाक्का म्हणाल्या, “तुझ्या मनानं काढलास का त्येनं सांगिटला म्हणून?”

“ते म्हणाले म्हणून.”

“आन् तुझं मन काय म्हणतंय?”

उत्तर आईनं दिलं. “आक्का, चष्मा दिसला की स्थळं मागं फिरत्यात हो. नंतर कळंलच की.”

“वैनी, नंतर कळल्यावर बी फिरत्यात. मग घरातलं पोहं खाऊन फिरत्यात. त्यापरीस तिकडूनच फिरू देत.” मग पुन्हा मुलीकडे वळून, “तू बोल. आईचं झालं, माजं झालं, नंद्याचं झालं. तुजंच ऱ्हायलंय.”

सुप्रिया हळू आवाजात म्हणाली, “चष्मा राहू दे.”

“आयकू आलं न्हाय. मागच्या शिटापतोर गेलं पायजे.”

“चष्मा राहू दे!”

हे इतकं मोठ्यानं आलं, की समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं. नंदूनं मुकाट्यानं दिवा बाजूला सरकवून जरा उंच केला. काचेवरची चमक गेली. हे त्याला आधीही करता आलं असतं. आधी कुणी म्हटलं नव्हतं इतकंच. सुप्रियानं चष्मा लावला, एकदा आईकडे पाहिलं, आणि स्वतःहून “डबल” म्हणाली. तिचा तो हसरा फोटो चांगला आला.

तो पाहून पहिला जो मुलगा आला, त्याला स्वतःला जाड भिंगांचा चष्मा होता. फोटोत चष्मा बघून धीर झाला, असं त्यानं पोहे खाता खाता सांगितलं. ते लग्न मात्र जमलं नाही. पत्रिका जुळली नाही. सुप्रियाचं लग्न पुढे दुसऱ्या मुलाशी झालं आणि त्याच्या पाकिटात तोच चष्म्याचा फोटो आहे.

रामूवस्तादांच्या वेळी प्रकरण एका दिवसात मिटलं नाही.

वस्ताद जवळच्या तालमीत मुलांना कुस्ती शिकवत. दाराची चौकट भरून टाकणारा देह आणि त्या मानानं फारच बारीक आवाज. तालमीच्या भिंतीवर लावायला त्यांचा मोठा फोटो हवा, असं शिष्यांनी ठरवलं होतं. वस्तादांचा उजवा कान कुस्तीत घासून घासून मोडलेला, आत वळून गाठ झालेला होता. नंदूनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि सवयीनं त्यांची मान फिरवली. मोडका कान पलीकडे गेला, धड कान अलीकडे आला.

“कसा पायजे, वस्ताद?” शालाक्कांनी विचारलं.

“नंदू म्हणंल तसा.”

“आखाड्यात नंदूला इचारून डाव टाकत हुता व्हय?”

वस्ताद हसले. मग खाली बघत, जवळजवळ लाजत म्हणाले, “आजपतोर समद्यांनी हीच बाजू काढली. सत्काराचा फोटो असू दे, पेपरातला असू दे. मला ह्यो कान पायजे हुता.” आणि त्यांनी मोडक्या कानाला हात लावला.

फोटो तसा निघाला. वस्तादांनी ‘डबल’ म्हटलं, तेही दोनदा. सगळे खूश होऊन गेले.

चार दिवसांनी शिष्य फ्रेम न्यायला आले, सोबत वस्ताद. नंदूनं कागद सोडला. फोटो सुंदर होता. पोटरीएवढी मान, भरघोस मिशा, डोळ्यांत तेज. आणि उजवा कान अगदी सरळ, कोवळ्या पोराच्या कानासारखा. नंदूनं कॉम्प्युटरवर बसून तो दुरुस्त केला होता. त्याला वाटलं, वस्ताद म्हणाले खरं, पण एवढ्या मोठ्या माणसाचा फोटो कायम भिंतीवर राहणार. हौसेनं, वेळ घालवून, न मागता त्यानं ते काम केलं होतं.

वस्ताद पुढे आले. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि आपल्या कानाला हात लावून बघितला, तो जागेवर आहे का हे तपासावं तसा.

“नंद्या,” शालाक्का म्हणाल्या, “ह्यो कुणाचा कान?”

“वस्तादांचाच की. जरा नीट केला, आक्का. जादा पैसं घेतलं न्हाईत त्येचं.”

“नीट केलास? आरं, तालमीतली पोरं ह्या कानाकडं बगून मातीत उतरत्यात!” त्या पुढेही बोलणार होत्या. पण थांबल्या, आणि वस्तादांकडे वळल्या. “माजं सोडा. तुमी बोला.”

वस्तादांनी घसा साफ केला. त्या बारीक आवाजात ते म्हणाले, “नंदू, माझा कान मला परत दे.”

नंदूचा चेहरा पडला. पण संध्याकाळपर्यंत दुसरा फोटो तयार होता, आणि या वेळी कानावर उजेड जास्त होता. तो तालमीत लागला आहे. नवीन पोरं आली की वस्ताद त्यांना आधी त्या फोटोसमोर उभं करतात, असं शिष्य सांगतात.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शालाक्कांची एकसष्टी आली.

त्यांचा मुलगा संदीप फाउंड्रीत सुपरवायझर. साधा, कष्टाळू, आईचा आदर करणारा. त्यानं ठरवलं, की चौकात आईचा मोठा फ्लेक्स लावायचा. कोल्हापुरात वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, यात नवीन काही नाही. मजकूर लिहायला त्याची बायको रेश्मा हिनं मला बोलावलं. त्यामुळे त्या दुपारी स्टुडिओत मी होतो.

शालाक्का जिना उतरून आल्या त्या नव्या जांभळ्या रेशमी साडीत. गळ्यात सुनेचा राणीहार, केसांना काळा रंग, तोही नवा. त्या लाल खुर्चीकडे गेल्या नाहीत. सरळ स्टुलावर बसल्या.

नंदू खुशीत होता. “बोला आक्का! आज तुमची पाळी. कसा पायजे?”

“तुला बरा वाटंल तसा काढ.”

नंदू हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. त्यानं वाट पाहिली. शालाक्कांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे उजवीकडे पाहिलं. लाल खुर्ची रिकामी होती.

मग त्यानं त्याला माहीत होतं ते केलं. दोन्ही हात गुडघ्यांवर. मान किंचित खाली. ओठ मिटलेले.

“डबल?”

“व्हय, डबल. आटप.”

फोटो पडद्यावर आला. राणीहार नीट दिसत होता. साडीचा काठ नीट दिसत होता. मधली बाई कोण, हे सांगायला खाली नाव लिहावं लागलं असतं.

“झकास!” संदीप म्हणाला. “एकदम साधा, सोज्वळ.”

“चांगला हाय,” शालाक्का म्हणाल्या आणि उठू लागल्या.

रेश्मा तोपर्यंत दाराजवळ उभी होती. ती फारशी बोलणारी नाही. सासू घरात असताना बोलायला तशी जागाही राहत नसावी. ती पुढे आली आणि लाल खुर्चीत बसली.

“आत्या, कसा पायजे?”

शालाक्कांनी तिच्याकडे पाहिलं. “चांगला हाय म्हटलं की.”

“चांगला हाय का न्हाय ते नंदूदादा बगतील. तुमाला कसा पायजे?”

“आता ह्या वयात काय पायजे आन् काय नको.”

“वस्तादांना असं म्हणला न्हवता तुमी.”

शालाक्का पुन्हा स्टुलावर बसल्या. त्यांनी पदराला हात घातला, सोडला. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, “संदीप, तू भाईर जा.”

“का?”

“तू हसशील.”

“न्हाय हसत.”

“मग रागावशील. जा.”

तो गेला नाही. शालाक्का त्याच्याकडे न बघता, सुनेकडे बघून बोलू लागल्या.

“गाडीच्या दारात हुबी ऱ्हायले का गावोगावचं बोर्ड दिसायचं. ह्यो दादा, त्यो भाऊ, त्यो आबा. समद्यांचं वाढदिवस, समद्यांच्या डोळ्याला गॉगल, बोट असं वर. मिसरूड न्हाय फुटलं आन् गॉगल! मला लई मजा वाटायची. पर बाईचा बोर्ड दिसला का मी समजायची, गेली बिचारी. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आन् फोटो कसला? कुणाच्या तरी लग्नातनं कापून काढल्याला. खांद्यावर दुसऱ्या बाईचा हात तसाच!” त्या थांबल्या. “ह्यो आज काढलाय नव्हं, त्योच ठिवणार तुमी. उद्या मी गेले का त्येलाच हार. गुडघ्यावर हात ठिवून बसल्याली. नवीन माणूस बघंल आन् म्हणंल, गप बाई हुती.”

रेश्मानं लाल खुर्ची जरा पुढे ओढली.

“मग?” रेश्मा म्हणाली. “कसा पायजे?”

“मला गॉगल पायजे.”

संदीप हसला नाही. त्याचा चेहरा तांबडा झाला. “आई, चौकात लागणार हाय त्यो. कंपनीतली माणसं तिकडनं जात्यात. पावणं येणार हायत. काय म्हणतील? पोरानं आईचा तमाशा केला म्हणतील.”

“म्हणू देत.”

“मग बोर्डच नको.”

“नको तर नको,” शालाक्का म्हणाल्या. आवाज वर गेला नव्हता. “बोर्ड तुजा, तू ठरीव. पर तोंड माजं हाय. नंद्या, तू काढ. मी घरात लावीन, माझ्या खाटंच्या समोर.”

नंदू कॅमेऱ्याशी उगाच काहीतरी करत राहिला. मजकुराचा कागद माझ्या हातात तसाच होता.

“आवं,” रेश्मा नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या पंचविशीच्या बोर्डावर गॉगल हुता. तवा कोण हसलं?”

संदीपनं मान दुसरीकडे वळवली.

“मी हसले हुते,” शालाक्का म्हणाल्या. “पोट धरून. पर बोर्ड लावू दिला.”

संदीप दाराबाहेर गेला. तो निघून गेला असंच सगळ्यांना वाटलं. बाहेर मोटारसायकलची डिकी उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा काळा गॉगल होता. त्यानं तो शर्टाच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा पुसला आणि आईच्या डोळ्यांवर स्वतः बसवला.

“नीट बसतोय का?”

“जरा सैल हाय.”

“मान वर ठेव मग. पडंल.”

त्यानंतर शालाक्कांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. स्टूल बाजूला गेलं. “नोकरीभर हुबी हुते, आता फोटोत कशाला बसू?” राणीहार सुनेच्या गळ्यात परत गेला. एक हात कमरेवर आला. दुसरा डोक्याच्या वर, घंटीची दोरी ओढावी तसा. “आन् तोंड उगडं पायजे. बोलताना काढ माजा.”

“काय बोलताना?” नंदूनं विचारलं.

“रोज काय बोलायची? पुढं सरका!”

“म्हणा मग.”

शालाक्का म्हणाल्या. त्या चार भिंतींत तो आवाज मावणारा नव्हता. नंदू, संदीप, रेश्मा आणि मी, चौघेही एक पाऊल पुढे सरकलो. हे कुणी ठरवून केलं नाही. ते बघून शालाक्कांना हसू फुटलं, आणि नंदूनं नेमकं तेव्हा बटण दाबलं.

“आरं, मी डबल म्हटलं न्हवतं!”

“पसंत न्हाय?” नंदूनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी गॉगल कपाळावर चढवून फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग गॉगल पुन्हा खाली घेतला. नंदूनं ती संमती समजली.

मजकुराचं काम राहिलं होतं. मी ‘मातृतुल्य, सेवाव्रती, मनमिळाऊ’ असं काही लिहून आणलं होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं आणि विचारलं, “ही कोण बाई?” शेवटी फ्लेक्सवर एवढंच गेलं: ‘शालाक्का एकसष्ट! पुढं सरका.’ खाली शुभेच्छुक म्हणून संदीप, रेश्मा आणि समस्त गल्ली. ‘समस्त गल्ली’ हे नंदूनं घातलं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी चौकात वाहतूक हळू झाली. पोरांनी खाली उभं राहून, हात वर करून सेल्फी काढले. संदीपच्या कंपनीतली माणसं आली, त्यांनी त्याला चहा पाजला आणि आईची भेट घालून दे म्हणाले. तो दिवसभर फ्लेक्सच्या आसपासच काही ना काही काम काढत होता. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या दोन वयस्कर बायका येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, “ह्या वयात काय गं हे.” दुसरीनं मात्र जाताना दोनदा वळून बघितलं. काही दिवसांनी ती नंदूकडे आली. तिला गॉगल नको होता. तिला डोक्यावरचा पदर खाली घेऊन फोटो हवा होता. तेवढंच. नंदूनं विचारलं, तिनं सांगितलं. शालाक्का खुर्चीत होत्या, पण त्यांना बोलावं लागलं नाही. घरी जाऊन त्यांनी रेश्माला सांगितलं, “आज माजं काय कामच नव्हतं.” रेश्मा म्हणते, असं खूश त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पुढे त्या फारशा खाली येईनाशा झाल्या. शाहूवाडीकडे त्यांच्या माहेरी भाऊ एकटा होता, भाताची शेती होती, दोन म्हशी होत्या. लावणीला म्हणून गेल्या त्या तिकडेच रमल्या. जाताना चौकातून उतरवलेला फ्लेक्स गुंडाळून सोबत नेला. लाल खुर्ची नंदूनं ठेवली आहे. तिच्यावर आता ज्याचा नंबर यायचा आहे तो बसतो.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर एका बातमीच्या कामासाठी मी त्या भागात गेलो होतो. गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका गोठ्याजवळ ओळखीचा आवाज आला, म्हणून गाडी थांबवली. गोठ्याच्या छपरावर जुना फ्लेक्स घालायचं काम चाललं होतं. छपरावर भाऊ होता, खाली शालाक्का. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल, केस पांढरे. त्यांनी मला बघितलं, हातानं थांबा म्हणाल्या आणि पुन्हा वर बघू लागल्या.

“उलटा का घालतोस? तोंड वर कर!”

“आक्का, रंग उडंल उन्हानं,” भाऊ वरून म्हणाला. “समदी उलटाच घालत्यात.”

“उडू दे की. खाली म्हशीला काय दाखवतोस मला? रस्त्याकडं कर.”

भावानं कपाळावरचा घाम पुसला आणि फ्लेक्स फिरवला. गॉगल, उघडं तोंड, वर गेलेला हात, सगळं हळूहळू छपरावर पसरलं. ‘पुढं सरका’ मधला ‘का’ कडेच्या पन्हाळीत गेला.

“बातमीदार, तिकडनं सरळ दिसतंय का?”

मी रस्त्यावर मागे जाऊन बघितलं. डावा कोपरा खाली आहे, असं सांगितलं.

“आयकलंस का? डावा कोपरा घे वर. आजून. आजून जरा.”

कोपरा वर आला. शालाक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. समोरून एक भरलेली एसटी आली. खिडक्यांतल्या माणसांनी छपराकडे बघितलं, मग खाली उभ्या असलेल्या बाईकडे, मग पुन्हा छपराकडे, आणि दोन-तीन खिडक्यांतून हसण्याचा आवाज आला. गाडी वळणावर गेली.

“आता ही मी हाय,” छपराकडे बघत शालाक्का भावाला म्हणाल्या. “बांध.”